खलनायकाची हजेरी

अन्याय एका खलनायकावर झाला. तो झाला दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी, विभागाचं कार्यालय उघडल्या उघडल्या. शिपाईकाकांनी फळ्यावरचं दिवाळीच्या शुभेच्छांचं कार्ड काढलं आणि त्याच टाचणीने नवी सूचना लावली. हिवाळी सत्रात स्टुडिओच्या तासांना प्रत्यक्ष हजेरी सक्तीची. पाऊण हजेरी न भरल्यास नाव कमी करण्यात येईल. खाली विभागप्रमुखांची सही. सहीवर शिक्का. शिक्का वाकडा.

खलनायक म्हणजे माझा वर्गमित्र. पूर्व विदर्भात, धानाच्या पट्ट्यात, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव मंडईची जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात, आणि त्यांच्या निमित्ताने रात्रभर नाटकं चालतात. झाडीपट्टीची नाटकं म्हणतात त्यांना. त्यांत हा खलनायकाचं काम करतो. नायक बदलत राहतात, तिकिटं खलनायकाच्या नावावर खपतात, असं त्याचं म्हणणं आहे. हे म्हणणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. उरलेलं वर्ष तो नागपुरात असतो आणि आमच्यासोबत शिकतो.

काय शिकतो हे नातेवाइकांना सांगताना माझी फार तारांबळ उडते. पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. अर्धा कम्प्युटरचा, अर्धा कलेचा. म्हणजे प्रोग्राम लिहायचा, पण त्यातून बँकेचा हिशेब न निघता चित्र, नाटक, आवाज, कविता असं काहीतरी निघायला हवं. आत्या म्हणाली, "मंग नोकरी कम्प्युटरवाल्याची लागते का कलाकाराची?" मी म्हणाले, "दोन्ही." आत्याने बाबांकडे पाहिलं. तिला त्यात 'एकही नाही' ऐकू आलं असावं.

जाहिरातीत मात्र झकास लिहिलं होतं. लवचिक अभ्यासक्रम. पेपर सुटे सुटे घ्या, नोकरी सांभाळून करा, दोन वर्षांत करा नाहीतर पाच वर्षांत करा. आम्ही सगळे त्या एका शब्दावर भाळून आलो. मी दिवसा मिहानमधल्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. 'आपली गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे वाक्य माझी बोटं झोपेतही टाइप करतात. संध्याकाळी मेट्रोने सीताबर्डीला उतरून वर्गात येते आणि जगाच्या गैरसोयींबद्दल स्वतः तक्रारी लिहिते. एकाच बाईचे दोन टेबल, आणि दोन्ही टेबलांवरून कधी कोणाचं काम झालेलं नाही.

तर, त्या सूचनेने माझं काहीच बिघडत नव्हतं. स्टुडिओचे तास संध्याकाळचे, मी नागपुरातच. तरी वर्गात सगळ्यात जास्त संतापले मी. हा आमचा खानदानी गुण आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर माणसांचा समुद्र लोटतो, लोक पिशव्या भरून पुस्तकं नेतात, आणि त्या पुस्तकांच्या रांगेच्या टोकाला बाबांचा पत्रकांचा टेबल असतो. पत्रकं फुकट. मला अक्षरओळख झाली ती 'जाहीर' आणि 'निषेध' या दोन शब्दांवर. शाळेत 'माझी गाय' हा निबंध लिहिताना मी शेवटी गायीच्या वतीने तीन मागण्या केल्या होत्या.

सूचनेचा फोटो सकाळीच वर्गाच्या ग्रुपवर आला होता, त्याच दुपारी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी पत्रक लिहून काढलं आणि संध्याकाळी कॅन्टीनमध्ये खलनायकापुढे ठेवलं. 'रंगभूमीच्या उपाशी, अनवाणी पुत्राच्या तोंडचा शिक्षणाचा घास हिरावला!' असं मोठ्या टाइपात शीर्षक होतं. त्याने ते वाचलं. वाचताना त्याच्या हातात आलुबोंडा होता.

"उपाशी कोण?"

"तू."

"तुह्यासमोर खाऊन राहिलो ना वं! आन अनवाणी?" त्याने टेबलाच्या बाजूने पाय वर केला. पांढरा, टोकदार बूट. खलनायकाचाच.

"तसं लिहा लागते भाऊ. लोकायले कळवळा आला पाहिजे."

"कळवळा नायकासाठी असते, नेताबाई. मले लोकं शिव्या देतेत, म्हणून मले बोलावतेत. मी उपाशी हाय हे गावागावात पसरलं तर नाटक कंपनीवाला म्हणन, हा गडी खपला. उद्यापासून नायिकेचा बाप बनवन मले."

"मंग काय लिहू?"

"खरं लिव. माही लॅब तिकडं हाय, एवढं लिव."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. त्याच्या कंपनीत पूर्वी रंगवलेले पडदे असत. जंगल, राजवाडा, गावची वाट, नदी. त्याचा काका ते रंगवायचा. आता मागे भाड्याची मोठी स्क्रीन लावतात आणि तिच्यावर कुठल्या तरी परदेशातला किल्ला झळकतो, त्याच्यासमोर पाटलाची पोरगी रडते. खलनायकाने काकाच्या जुन्या पडद्यांचे फोटो काढले होते आणि तो असा प्रोग्राम लिहीत होता की स्क्रीनवर तेच रंगवलेलं जंगल दिसेल, आणि माइकवरच्या आवाजाबरोबर हलेल. नायिका गायली की पानं थरथरतील. तो हसला की झाडं वाकतील. "सगळी," तो म्हणायचा. "एक झाड उभं नाही राहिलं पाहिजे." हे तपासायला मंच हवा, माणसांची गर्दी हवी, जनरेटरची घरघर हवी. आमच्या स्टुडिओत बसून तो हसला तेव्हा फक्त शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार करायला आल्या.

म्हणजे काय, की जिथे काम आहे तिथे गेला तर नाव कमी, आणि नाव ठेवायचं तर काम सोडून रिकाम्या खोलीत बसायचं. पुढचे पाच महिने तो गावोगाव असणार होता. पाऊण हजेरी सोडा, पाव भरणं कठीण. नाव गेलं असतं तर पुन्हा प्रवेश मिळण्याची खात्री नव्हती, आणि काकाचे पडदे तर उंदरांनी कुरतडायला सुरुवात केलीच होती.

मी विभागप्रमुखांना भेटले. सर चित्रकलेचे. माणूस वाईट नाही, हे माझ्या दृष्टीने फार अडचणीचं होतं. पत्रकात चांगल्या माणसाला बसवायला जागाच नसते. सर म्हणाले, "मला समजतंय गं. पण वरून समिती येणार आहे, त्यांना हजेरीपट लागतो. मी काय दाखवू त्यांना, खलनायक?"

मी म्हणाले, "सर, हा लवचिकतेचा खून आहे."

सर म्हणाले, "चहा घेणार?"

मी बाणेदारपणे नाही म्हणाले आणि बाहेर आल्यावर पश्चात्ताप झाला, कारण सरांचा चहा चांगला असतो.

डिसेंबरात आमचं अर्धवट कामांचं प्रदर्शन असतं. प्रत्येकाने आपलं काम विभागाच्या व्हरांड्यात मांडायचं. मी ठरवलं, आपलं काम हेच आंदोलन. एक प्रोग्राम लिहायचा, तो आपणहून पत्रकं रचेल आणि प्रिंटर ती छापत राहील, थेट सरांच्या दाराबाहेर. त्यासाठी मी बाबांच्या पेटीतली जुनी पत्रकं बाहेर काढली, माझी स्वतःचीही घेतली, आणि त्यांतले निषेधाचे शब्द तापमानाप्रमाणे लावले. सगळ्यात थंड 'नम्र विनंती'. मग 'खेद', 'नाराजी', 'निषेध', 'तीव्र निषेध', 'धिक्कार'. प्रोग्राममध्ये 'संताप' नावाची एक जागा केली आणि दर पत्रकागणिक संताप एकाने वाढवा, अशी आज्ञा दिली. मागण्याही जुन्या पत्रकांतूनच भरल्या, म्हणजे भाषेला वजन येईल.

पहिल्यांदा चालवला तेव्हा अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन छापले गेले. बाबांनी तो कागद बराच वेळ पाहिला. म्हणाले, "चांगलं आहे. कोणी केस नाही करू शकत."

सगळ्या प्रोग्रामचा कणा म्हणजे आमच्या घराण्याचं लाडकं वाक्य: जोपर्यंत मागणी मान्य होत नाही, तोपर्यंत आंदोलन चालू राहील. कम्प्युटरला हे वाक्य फार आवडतं. अट सांगा, काम सांगा, तो करत बसतो. मला तर वाटलं, हे यंत्र आमच्यातल्याच कोणीतरी बनवलं असणार. प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या मॅडमना मी अभिमानाने दाखवलं. मॅडम कमी बोलतात. त्यांनी स्क्रीन खालीवर करून विचारलं, "मागणी मान्य झाली, हे याला कळणार कुठून?"

"म्हणजे?"

"तू अट घातलीस. पण ती अट कधी पुरी होऊ शकेल, अशी जागा कुठे दिसत नाही आत."

मी हसले. म्हणाले, "मॅडम, आजवर कधी झाली आहे का मान्य?"

मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. काम तुमचं." त्या मला 'तुम्ही' म्हणाल्या तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी खलनायक थेट प्रयोगावरून आला. पहाटेची एसटी पकडून आलेला, डोळ्यांत अजून काजळ, गळ्याला मफलर. वर्गातल्या एका पोरीने विचारलं, "भाऊ, लायनर कोणता?" तो म्हणाला, "खून करतानाचा."

मी प्रिंटर सुरू केला. पहिलं पत्रक आलं. 'विभागप्रमुखांस नम्र विनंती.' लोक वाचू लागले, फोटो काढू लागले. दुसऱ्यात खेद. तिसऱ्यात नाराजी. मी भिंतीला टेकून उभी राहिले, हाताची घडी घालून, क्रांती बघणाऱ्या माणसाने उभं राहावं तशी. धिक्कारापर्यंत सगळं फार छान चाललं होतं.

मग शब्द संपले. संताप वाढतच होता, तर प्रोग्रामने काय करावं? आहेत तेच शब्द जोडायला घेतले. 'तीव्र तीव्र निषेध.' 'तीव्र तीव्र तीव्र धिक्कार.' आणि मागण्यांचा साठा जुन्या पत्रकांतला असल्याने त्याही यायला लागल्या. 'विभागप्रमुखांनी आमच्या गल्लीतील नळ तात्काळ दुरुस्त करावा.' 'विभागप्रमुखांनी कळमना बाजाराच्या रस्त्यावरील खड्डे बुजवावेत, अन्यथा खुर्ची खाली करावी.'

नेमके तेव्हाच सर खोलीतून बाहेर आले. आत मॅडम त्यांच्याशी अर्धा तास बोलत होत्या, हे मला नंतर कळलं. आरडाओरडा नाही, पत्रक नाही. नुसतं समजावून.

सर म्हणाले, "हे बघा, आमचं बोलणं झालंय. ज्यांचं काम बाहेर चालतं, त्यांची हजेरी कामाच्या जागी धरू. प्रयोगाची चित्रफीत आणि कामाची टिपणं दर महिन्याला पाठवायची. समितीला मी सांगतो."

माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मागणी मान्य केली होती. आता काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं.

प्रिंटरला ठाऊक होतं. खर्रर्र. सरांनी कागद उचलला.

"विभागप्रमुख हटवा," त्यांनी मोठ्याने वाचलं. "मी आत्ता मान्य केलं ना?"

"हो सर."

"मग हे काय?"

"सर, त्याला अजून माहीत नाही."

"कोणाला?"

"प्रोग्रामला."

"मग सांग त्याला!"

मी कीबोर्डवर बोटं आपटली. स्क्रीन गोठलेली. दुसरा कागद आला. सरांनी तोही वाचला. "हा नळ कुठला? कुठल्या नळाबद्दल बोलतेस तू?"

"आमच्या गल्लीतला, सर."

"त्याच्याशी माझा काय संबंध?"

"नाही, तसा काही नाही."

मी कम्प्युटरची वायर ओढली. स्क्रीन काळी झाली. प्रिंटर थांबला नाही. आधीच पाठवलेली सगळी पत्रकं त्याच्या पोटात होती आणि एकेक करून तो ती प्रामाणिकपणे बाहेर टाकत होता. आता सरांची भाषा बदलली, आणि ती भाषा मी लहानपणापासून ओळखते. ते म्हणाले, "जोपर्यंत हे बंद होत नाही, तोपर्यंत मी काही लिहून देणार नाही."

झालं. प्रिंटर सरांच्या सहीसाठी अडलेला, सर प्रिंटरसाठी अडलेले. मॅडम माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाल्या, "दोन प्रोग्राम एकमेकांसाठी थांबले की अशीच कोंडी होते. पुढच्या सत्रात आहे आपल्याला हा धडा." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खरंच शिकवत होत्या, चेष्टा नव्हती.

खलनायकाच्या चेहऱ्यावरचा रंग मी तेव्हा पाहिला. तो हसत नव्हता. दोन मिनिटांपूर्वी त्याचं नाव राहिलं होतं, आणि माझ्या मशीनने ते परत घालवायला घेतलं होतं. दर कागदागणिक सरांचे कान जास्त लाल होत होते. मी मात्र सरांना लोकशाहीतल्या निषेधाच्या हक्काबद्दल काहीतरी सांगत होते. काय सांगत होते देव जाणे, आणि आमच्या घरात देवाचीही सोय नाही.

"अवं, कागद काढा ना बाप्पा!" खलनायक ओरडला आणि लोकांना बाजूला सारत प्रिंटरपाशी पोचला. त्याने कागदांचा ट्रे ओढून बाहेर काढला. प्रिंटरवर लाल दिवा लागला. आवाज बंद.

एवढा वेळ तिथे कम्प्युटर शिकणारी वीस माणसं उभी होती.

ट्रे काखेत धरून तो सरांपुढे गेला. मंचावरच्या आवाजात नाही, साध्या आवाजात म्हणाला, "सर, पोरगी डोक्यानं तापट हाय, पण माह्याच साठी करून राहिली. तुमी जे बोलले ते लिवून देता का? मले चारची गाडी हाय. आज रात्री पुन्हा खून हाय." आणि ट्रेमधला कोरा कागद काढून पुढे केला.

सरांनी लिहून दिलं. पण रागात लिहिलेला कागद छोटा असतो. समजावून झालेल्या बोलण्यात 'ज्यांचं काम बाहेर चालतं' अशी सगळी माणसं होती. कागदावर एकच उतरला, आणि 'फक्त चालू सत्रापुरतं' हे तीन शब्द वाढले. मॅडमच्या अर्ध्या तासाचं माझ्या यंत्राने इतकं केलं.

खलनायकाने कागद मफलरच्या आत ठेवला. "झालं ना वं काम," तो म्हणाला. मी म्हणाले, "अर्धंच झालं." तो म्हणाला, "मंग अर्ध्याचा चहा पाज."

त्याचा हंगाम पार पडला. जानेवारीत त्याने चित्रफीत पाठवली. काकाचं जंगल, मागे जनरेटरची घरघर, तो हसतो आणि झाडं वाकतात. एक सोडून. डाव्या कोपऱ्यातलं एक झाड ताठ उभं, आणि तो मला रोज फोन करून त्या झाडाला शिव्या घालत होता. सरांनी ती चित्रफीत वर्गात लावली, पुन्हा लावली. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी खलनायकाला अस्सल शिवी हासडली. सर म्हणाले, "हे टिपणात लिहा, प्रेक्षकांचा प्रतिसाद."

मला गुण बरे मिळाले. मॅडमचा शेरा होता, 'संतापाला वरची मर्यादा असावी.' आणि काम दुरुस्त करून आणायला सांगितलं. म्हणजे दर फेरीला प्रोग्रामने थांबून विचारायचं, मागणी मान्य झाली का? सोपं वाटतं ना? मी आठवडाभर त्यावर अडले. कारण कम्प्युटरला 'मान्य' म्हणजे नक्की काय ते सांगावं लागतं. सरांनी मान हलवली की मान्य? कागद दिला की मान्य? एकाला दिला आणि बाकीच्यांना नाही, तर? इतकी वर्षं पत्रकं लिहिली, पण कशाला झालं म्हणायचं हे कधी लिहिलंच नव्हतं. बाबांना विचारलं तर ते चष्मा पुसत म्हणाले, "मान्य झालं तर पुढचं पत्रक कायचं काढाचं?"

शेवटी मी लिहिलं. मान्य म्हणजे: नियमात छापलेलं, दर सत्रासाठी, जो अर्ज करेल त्या प्रत्येकासाठी. यांतलं एक जरी नसेल तर नाही. मॅडमनी वाचलं आणि या वेळी काम जमा करून घेतलं.

ही अट अजून पुरी झालेली नाही. खलनायकाचे दोन पेपर उरलेत, दोन्ही हिवाळी सत्राचे, आणि पुढच्या दिवाळीनंतर फळ्यावर तीच टाचणी, तीच सूचना लागणार आहे. कनिष्ठ वर्गात या वर्षी एक बाई आलीय, ती लग्नसराईत मेंदीचं काम घेते आणि तिची नक्षी स्वतःच्या प्रोग्रामने काढते. लग्नसराईत तिची हजेरी कोण धरणार? तिला मी अजून काही बोलले नाही. माझी मदत तिला परवडेल का, याची मला शंका आहे.

म्हणून आता तुमच्याकडे वळते. तुम्ही कधी पोट सांभाळून शिकला असाल, किंवा प्रवेशाचा फॉर्म आणून घडी घालून ठेवून दिला असेल, तर तुमच्या गावच्या विद्यापीठाला आज एक पान लिहा. साध्या भाषेत लिहा. विशेषणं मी सगळी वापरून संपवली आहेत. एवढंच विचारा की तुमच्या जाहिरातीतली लवचिकता नियमांच्या कोणत्या कलमात आहे, ते छापून दाखवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर स्वतः जा, बाकावर बसा, चहा विचारला तर घ्या, आणि ते कलम हातात पडल्याशिवाय उठू नका.